मलबार हिलचा निसर्ग उन्नत मार्ग: काचेवरून उठा, खाली जमीन बघा

ऑफिसातले आणि सोसायटीतले मिळून सगळे एकच विचारतायत की तो मलबार हिलचा लाकडी ट्रेल खरंच भारी आहे का नुसता रीलपुरता, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, परत परत टाइप करायचा कंटाळा आलाय. तर, भारी आहे. पण लोक ज्यासाठी जातायत त्यासाठी नाही. पाचपैकी चार स्टार माझ्याकडून, एक हातात राखून ठेवलाय, का ते खाली येईलच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मुंबई महापालिकेने मलबार हिलच्या उतारावर, कमला नेहरू पार्कच्या मागे, म्हणजे म्हातारीचा बूट आहे ना त्याच्या मागच्या अंगाला, सिरी रोडजवळ जी झाडी आहे तिच्यातून खांबांवर उचललेली एक लाकडी वाट काढलीय. अधिकृत नाव निसर्ग उन्नत मार्ग, पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगायच्या भानगडीत पडू नका, कमला नेहरू पार्क नाहीतर हँगिंग गार्डन म्हणा. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर. २०२५ च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, उघडली. सिंगापूरच्या ट्री टॉप वॉकच्या धर्तीवर केलीय. खर्चाचे आकडे पेपरात २५ कोटींपासून ३० कोटींपर्यंत आलेत. तिकीट आपल्याला २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १००. पहाटे ५ ते रात्री ९. तिकीट ऑनलाइन काढायचं, तासातासाचे स्लॉट, एका स्लॉटला २०० माणसं, गेटवर कोड स्कॅन करायचा आणि आत. २५ रुपयांत हल्ली वडापाव आणि कटिंग जेमतेम होतं, त्यामुळे पैशांची तक्रार कोणी करू नये.

आता हे सांगणारी मी कोण? आम्ही भांडुपवाले. खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो, बिबळ्या खाली उतरला की सोसायटीच्या ग्रूपवर सीसीटीव्हीचा व्हिडिओ दिवसभर फिरतो, आणि हिवाळ्यात पंपिंग स्टेशनच्या बाजूला गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी उजाडायच्या आत उभी असतात. त्यामुळे मलबार हिलला जाऊन पैसे देऊन झाडं बघायची म्हटल्यावर नवरा म्हणाला, अगं १०४ चौरस किलोमीटरचं जंगल घरामागे टाकून तू अर्धा किलोमीटर बघायला लोकलने चाललीस? मुद्दा बरोबर होता त्याचा. पण नॅशनल पार्क वनखात्याचं. हे पालिकेने केलंय, आणि पालिकेचं गार्डन म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर येतात ते लाल पेव्हर ब्लॉक, सिमेंटचा जिराफ, ओपन जिम, झाडाच्या खोडाला गुंडाळलेल्या एलईडीच्या माळा आणि नगरसेवकाच्या फोटोचा बोर्ड. झाडं असतात मधेमधे. म्हणून मला खरंच बघायचं होतं की हीच माणसं एका जुन्या झाडीत शिरून काय करून ठेवतात.

बरोबर आई होती, गुडघे कुरकुरणारी, आणि भाचा, चौथीतला, ज्याला वाटेवरच्या काचेच्या फरशीच्या डेकसाठीच यायचं होतं आणि तो चर्नी रोडपासून वर जाईपर्यंत तेच विचारत होता, मावशी काच फुटली तर? मावशी काच किती जाड असते? मावशी तू उभी राहिलीस तर?

वाट सुरू होते तेव्हा झाडांची खोडं बाजूला असतात, नेहमीसारखी. मग टेकडी खाली उतरत जाते आणि वाट काही उतरत नाही, म्हणजे तुम्ही एक पायरी न चढता फांद्यांच्या उंचीला येऊन पोचता. ही जी गंमत आहे ना, ती बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही कारण ते फोनकडे बघत झपाझप डेकच्या दिशेने चाललेले असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आयुष्यात झाडाच्या शेंड्याजवळ जायला मिळत नाही हो. आईला मिळालं. ती रेलिंगला धरून उभीच राहिली आणि समोरच्या फांदीवरचं पानांचं एक गाठोडं बघत बसली. हिरवीच पानं, एकमेकांना चिकटवलेली, नारळाएवढा गोळा, आणि त्याच्यावर लालसर मुंग्यांची ये-जा. भाच्याने बोट पुढे केलं तर आई ओरडलीच, हात लाव नको रे, हुमले आसत ते! आईचं माहेर मालवणकडचं, आणि घाबरली किंवा चिडली की तिचं पुण्याच्या शाळेत शिकलेलं मराठी गळून पडतं.

त्यानंतर अर्धा तास म्हणा ना आम्ही तिथेच. कारण त्या मुंग्या कामाला लागल्या होत्या. चारपाच जणी एका पानाची कड पायांनी धरून ओढत होत्या, दुसऱ्या पानाला तोंडाने पकडून, आणि दोन पानं जवळ आली की आतून एक मुंगी आपल्याच अळीला तोंडात धरून बाहेर येते आणि ती अळी या कडेवरून त्या कडेवर, परत इकडे, परत तिकडे अशी फिरवते. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो, त्याने शिवण होते. मोठ्या मुंगीला धागा काढता येत नाही, म्हणून पोरांना शिलाई मशीनसारखं वापरतात. हे मी शाळेत वाचलं होतं, यूट्यूबवर पाहिलं होतं, पण डोळ्यापासून दोन हातांवर मुंबईत, समोर चौपाटी, खाली रस्त्यावर हॉर्न वाजतायत आणि ह्या बायका शिवतायत, असं कधी पाहिलं नव्हतं. एरवी हे घरटं झाडाच्या शेंड्याकडे असतं आणि आपण खाली असतो, मुंग्या अंगावर पडल्या की मगच कळतं. भाचा काच विसरला. पूर्ण विसरला नाही, पण बराच वेळ गप्प होता, आणि त्याच्या बाबतीत हे म्हणजे २५ कोटी वसूल.

त्या दरम्यान आमच्या मागून किती लोक गेले. एकानेही विचारलं नाही की तुम्ही काय बघताय. एक काकू फक्त म्हणाल्या, डेक पुढे आहे हां.

बरं, आता डेकबद्दल, कारण तुम्हाला तेच वाचायचंय. काचेची फरशी आहे, खाली झाडांचे शेंडे दिसतात, समोर गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची कमान. सकाळी हवा स्वच्छ असेल तर सुंदर दिसतं, यात वादच नाही, धुरक्यात मात्र करड्या पडद्यावर करड्या बिल्डिंगी, डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा कशी असते ते तुम्ही जाणताच. पण हाच व्ह्यू थोड्याफार फरकाने कमला नेहरू पार्कच्या गॅलरीतून वर्षानुवर्षं फुकट दिसत आलाय. आमच्या लहानपणी शाळेची पिकनिक बुटात शिरून बाहेर आली की तिथेच उभं राहून मास्तर राणीचा हार दाखवायचे. काच नवीन आहे एवढंच. आणि काचेवर जे चालतं ते वेगळंच! एक जण झोपतो, दुसरी वरून शूट करते, तिसरा म्हणतो परत घे माझे डोळे मिटले. एक ग्रूप तर स्पीकर घेऊन आला होता, त्यांना एका आजोबांनी झापलं, अगदी मस्त गिरगावी शब्दांत, मला मधे पडावं लागलं नाही. भाच्याने काचेवर उडी मारून बघितली, काही झालं नाही, तो नाराज.

खरी करामत डेकवर नाही, वाटेच्या खाली आहे. रेलिंगवरून वाका आणि सरळ खाली जमीन बघा. पालापाचोळा जसाच्या तसा पडलेला. मुळं उघडी, दगड, त्यातून उगवलेली रोपटी, कुजलेलं खोड. कोणी झाडून काढलेलं नाही, कोणी लादी बसवलेली नाही, कोणी तिथे क्रोटन लावून वीट-वीट कुंपण केलेलं नाही. पालिकेच्या इतिहासात हे मला क्रांतिकारक वाटतं, हसू नका. कारण टेकडीवर पायवाट पाडली की काय होतं ते डोंगराशेजारी राहणाऱ्याला विचारा. रोज शेकडो पाय एकाच जागी पडले की माती दाबून घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, रोप रुजत नाही. पावसाळ्यात तीच पायवाट ओढा होते आणि वरची माती घेऊन खाली येते. मग लोक चिखल टाळायला बाजूने चालतात, पायवाट रुंद होते, मग कोणीतरी म्हणतं काँक्रीट करा, मग काँक्रीट होतं, मग त्याच्या कडेने अजून जोरात पाणी. हे सगळं आम्ही आमच्याकडे टप्प्याटप्प्याने पाहिलंय. वाट खांबांवर घेतली की खांबापुरतीच जमीन जाते, बाकी उतार आपला आपण जगतो. माणूस वरून, पाणी खालून.

आणि मलबार हिलला हा उताराचा विषय काही पुस्तकी नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो भयानक पाऊस झाला, लॉकडाऊनच्या दिवसांत, तेव्हा ह्याच टेकडीचा केम्प्स कॉर्नरच्या बाजूचा उतार खचला होता, माती आणि झाडं खाली एन. एस. पाटकर मार्गावर आली, वरचा बी. जी. खेर मार्गही खराब झाला. मुंबईतली सर्वात महाग जमीन, तिलाही धरून ठेवायला शेवटी झाडाची मुळंच लागतात.

ह्या टेकडीवर हिरवं शिल्लक आहे ते काही पालिकेच्या कृपेने नाही हेही सांगायला हवं. एका टोकाला लोकभवनाचे, म्हणजे पूर्वीच्या राजभवनाचे, सुमारे ५० एकर, वरच्या बाजूला पारशी समाजाची डुंगरवाडी, म्हणजे त्यांच्या अंत्यविधीची जागा, तीही ५० एकरांच्या वर. दोन्हीकडे आपल्याला फिरायला जाता येत नाही, म्हणूनच ती झाडी टिकली असं माझं स्पष्ट मत आहे. मधेमधे हँगिंग गार्डन, कमला नेहरू पार्क आणि ही उतारावरची झाडी. पक्षी ह्या सगळ्यांना मिळून एकच टेकडी समजतात, त्यांना कुठे माहीत कोणाचा सातबारा.

पक्ष्यांवरून आठवलं. सकाळी लवकर गेलात तर बुलबुल, दयाळ, पोपटांचे थवे, घारी हे दिसतीलच, त्यासाठी दुर्बीणही नको. आम्हाला तांबट दिसला. मुंबईचा शहर पक्षी म्हणून ज्याची निवड झाली तोच, हिरवा, चिमणीपेक्षा जरा मोठा, कपाळ लाल, डोळ्याभोवती पिवळं. एरवी त्याचा टुक-टुक-टुक आवाज आख्खी दुपार येत राहतो आणि पक्षी काही दिसत नाही, कारण तो वर बसतो आणि आपण मान मोडून खालून बघतो. इथे तो समोर होता. एका वाळक्या फांदीला खालच्या बाजूने लटकून चोचीने भोक पाडत होता. दोन-चार ठोके, मग मान आत, मग तोंडात भुसा घेऊन बाहेर, मान झटकून भुसा हवेत, परत ठोके. भुसा वाऱ्याने आमच्याकडे आला, आईच्या पदरावर थोडा पडला.

यावरून एक विनंती, पालिकेतलं कोणी वाचत असेल तर. तांबटाची चोच काही सुतार पक्ष्याएवढी दणकट नाही, त्याला घर करायला मऊ पडलेली, वाळलेली फांदीच लागते. आणि पावसाळ्याआधी छाटणीची गाडी आली की पहिला बळी ह्याच फांद्यांचा. वाटेवर, माणसांच्या डोक्यावर असलेली फांदी जरूर कापा, माणूस मेला तर कोण जबाबदार, ते कळतं. पण जी फांदी उताराच्या दिशेने आहे, जिच्या खाली माणूस जाणारच नाही, ती राहू द्या की. २०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजार झाडं निघाली होती, पालिकेचाच आकडा, पण त्या गणनेत झाड म्हणजे एक नग. त्यात पोकळी किती, घरटी किती, हे कोण मोजणार. निदान एवढ्या ४८५ मीटरमध्ये तरी मोजता येईल, उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांना कामाला लावा, आनंदाने येतील.

आता राखून ठेवलेला स्टार.

एका तासाला २०० माणसं. वाट ४८५ मीटर. भागाकार करा, साधारण अडीच मीटरला एक माणूस. तोही सगळे सारखे पांगले तर, प्रत्यक्षात निम्मे काचेजवळ. आणि १६ तास धरले तर दिवसाला ३,२०० माणसांची सोय झाली. विरार फास्टच्या हिशेबाने हे काहीच नाही मान्य, पण झाडीच्या हिशेबाने ही वरात आहे. २०० चा आकडा सुरक्षेसाठी आणि रांग लागू नये म्हणून ठरवला असेल तर ठीक, पण पक्ष्यांच्या दृष्टीने बघायचं तर पहाटेचे पहिले दोन-तीन स्लॉट ५० माणसांचे ठेवावेत, फोनवर बोलायचं नाही, स्पीकर नाही, हळू चालायचं, ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी. तिकीट दुप्पट करा हवं तर, ५० रुपये होतील, लोक देतील. बाकीचा दिवस रीलवाल्यांना घ्या म्हणावं. त्यांनाही हक्क आहे, त्यांचाही टॅक्स आहे, मी काही त्यांच्यावर उखडलेली नाही.

दुसरं, रात्री ९ पर्यंत कशाला? अंधार पडल्यावर वाट उघडी ठेवायची म्हणजे दिवे आले. दिवे आले की किडे दिव्याकडे, झोपायला आलेले पक्षी बेचैन, वटवाघळं रस्ता बदलणार. दिवे कितीही मंद ठेवा, झाडीला रात्र लागतेच. संध्याकाळी ७ ला बंद केली तर कोणाचं काय बिघडतं? ऑफिसवाल्यांचं बिघडतं, हे नवऱ्याचं म्हणणं. त्याला म्हटलं, तू ऑफिसातून सुटून मलबार हिलला ट्रेलवर चालायला जाणारेस? तेव्हा गप्प. पण मुद्दा त्याचा अगदीच टाकाऊ नाही, गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेवच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून राहणाऱ्यांना संध्याकाळी पाय मोकळे करायला दुसरं आहे काय? चौपाटी. बाकी? त्यामुळे इथे मी पूर्ण स्टार कापत नाही, अर्धा कापते. उरलेला अर्धा त्या २०० च्या आकड्यासाठी.

खर्चावरून बरेच जण नाक मुरडतात की अर्ध्या किलोमीटरला एवढे कोटी, आणि तेही मलबार हिलला, जिथे आधीच सगळं आहे, आमच्या गोवंडीला का नाही, मालाड मालवणीला का नाही. हा प्रश्न मला पटतो. फक्त त्याचं उत्तर हे बांधायला नको होतं असं नाही, उत्तर हे की असंच तिकडे बांधा. आणि असंच म्हणजे असंच, खांबांवर, खालची जमीन न उकरता. कारण पालिकेने निसर्गात वाट काढायची म्हटलं की काय होऊ शकतं याचं उदाहरण पवईला आहे. तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायला घेतला, दगडांची भर टाकून. लोक ओरडले, पाणथळ जागा आहे, मगरी आहेत, कोर्टात गेले, आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं, केलेलं बांधकाम काढून जागा होती तशी करा असा आदेश दिला. पालिका तीच, हेतूही म्हटलं तर तोच, लोकांना निसर्गात फिरायला मिळावं. फरक कुठे? तिथे फिरायच्या वाटेसाठी जागाच बदलायला निघाले होते, इथे वाट जागेप्रमाणे वाकवलीय.

आणि इथून चालत पाच-दहा मिनिटांवर हँगिंग गार्डन, त्याच्या पोटात १८८० च्या दशकातली पाण्याची टाकी, अर्ध्या दक्षिण मुंबईला पाणी तिथून जातं. ती पाडून नवीन बांधायचं ठरलं तेव्हा ३८९ झाडांवर संक्रांत येणार होती. मलबार हिलची मंडळी, एरवी ज्यांना आपण बंगलेवाले म्हणून सोडून देतो, ती हटून बसली, तज्ज्ञांची समिती आली, आणि शेवटी पाडण्यापेक्षा दुरुस्तीवर गाडी आली. म्हणजे ह्या टेकडीवर पालिकेला थांबवणारे लोक होते. सगळीकडे असे वेळ, वकील आणि ओळखी असलेले लोक नसतात, हाही मुद्दा आहेच. आमच्याकडे तानसाच्या पाइपलाइनच्या बाजूने ३९ किलोमीटरचा सायकल-जॉगिंग ट्रॅक जाहीर झाला होता, हिरवा पट्टा होणार, मुलुंडपासून थेट खाली शहराकडे. सलग ३९ किलोमीटर सायकल चालवून दाखवा, मी वडे तळून घालीन.

जाऊ दे, विषय भरकटतोय. जाणाऱ्यांसाठी कामाचं.

वारी शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. शनिवार-रविवारी सकाळचे स्लॉट लवकर भरतात, आदल्या रात्री झोपताना बघू म्हणाल तर दुपारी १२ चा मिळेल, आणि दुपारी १२ ला तिथे फक्त तुम्ही आणि घारी. सकाळी ६ ते ८ बेस्ट. तिकीट घरूनच काढून स्क्रीनशॉट ठेवा, टेकडीवर नेट रुसलं तर गेटवर घोळ नको. चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरून टॅक्सी करा, शेअर नसते, पण तिघे असाल तर परवडतं. बेस्टची बसही कमला नेहरू पार्कपर्यंत जाते, वेळ असेल तर तीच घ्या, वळणावळणाने वर चढताना मजा येते. गुडघे ठणठणीत असतील तर चौपाटीवरून चालत वर, घाम निघेल, पण मग वर पोचल्यावर वारा लागतो त्याची किंमत कळते.

पावसाळ्यात जा, पण साध्या चपला घालून नको, ओलं लाकूड घसरतं. ग्रिपवाले बूट. छत्रीपेक्षा रेनकोट, २.४ मीटरच्या वाटेवर दोन छत्र्या समोरासमोर आल्या की कोणाच्या तरी डोळ्यात काडी जाते. पहिल्या पावसानंतर दहा-पंधरा दिवसांनी खालच्या उतारावर जे काही उगवतं ते बघण्यासारखं. मे महिन्यात गुलमोहर. डास आहेत, असणारच, झाडी आहे, ओडोमॉस लावा आणि बोंबलू नका. खायचं काही नेऊ नका, एक वेफरचं पाकीट खाली उतारावर पडलं की ते उचलायला कोणी उतरू शकत नाही, ते तिथेच राहणार आणि पुढच्या प्रत्येकाला दिसणार. आम्हाला एक दिसलं. भूक लागली की खाली गिरगावात उतरा, मिसळ, पियुष, काय हवं ते.

लहान मुलांना घेऊन जात असाल तर त्यांना आधी डेक दाखवून टाका, मग परत येताना हळूहळू या. उलटं केलंत तर पूर्ण वाटभर 'काच कधी येणार' ऐकावं लागेल. ज्येष्ठांना घेऊन बिनधास्त जा, चालायला सोपं आहे, फक्त त्यांना घाई करू नका आणि मधेच थांबले तर का थांबले ते विचारा, बहुतेक वेळा त्यांना काहीतरी दिसलेलं असतं. आईने नंतर घरी येऊन तिच्या बहिणीला फोनवर पाऊण तास जे काही सांगितलं त्यात समुद्र एकदाही आला नाही. हुमले आले, तांबट आला, आणि एका झाडाबद्दल दोघींचं भांडण झालं की ते शिवण का वारस, फोटो पाठवून निकाल अजून लागलेला नाही. कोणाला झाडं कळत असतील तर सांगा, फोटो टाकते.

आणि गाडी कुठे पार्क करायची हे कृपया मला विचारू नका, चौथ्यांदा कोणीतरी विचारलंय. गाडी आणू नका, एवढंच उत्तर आहे.